हंगाम कोणाचा?

यवतच्या परिसरात ‘हंगाम’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ऊस उभा राहतो. पावसाळा सरला की बीड-अहिल्यानगरकडून तोडणीच्या टोळ्या येतात, फडाशेजारी कोप्या पडतात, गुऱ्हाळांची चुलवणे पेटतात आणि पुणे-सोलापूर रस्त्यावरून उसाने लादलेल्या ट्रॉल्या धावू लागतात. या चार-पाच महिन्यांत कोणाची उचल फिटते, तर कोणाच्या अंगावर ती पुढील वर्षासाठी राहते. कोणाच्या मुलीचे लग्न ठरते, तर कोणाचे पुढे ढकलले जाते. हंगाम हा तेथे पोटाचा शब्द आहे.

मुंबईत नरिमन पॉइंट येथे ‘हंगाम’ या शब्दाला निराळाच अर्थ आहे. समुद्रात भर घालून निर्माण केलेल्या आणि राज्य शासनाने भाडेपट्ट्याने दिलेल्या भूमीवर नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स ही संस्था उभी आहे. जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने 1969 साली तिची स्थापना झाली. तिच्याच आश्रयाने 2006 साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा पाश्चात्त्य अभिजात संगीताचा वाद्यवृंद जन्माला आला. खुश्रू संतूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव्ह हे त्याचे संस्थापक. साधारणतः फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात त्याचे हंगाम भरतात. कायम सेवेतले वादक मोजके. पूर्ण वाद्यवृंद उभा करावयाचा तर हंगामापुरते वादक परदेशांतून येतात, मैफली होतात आणि पाहुणे परततात. येणाऱ्या हंगामाचे कार्यक्रमपत्रक निघाले की मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांत त्याची चर्चा होते. यवतला मात्र त्याची वार्ताही पोहोचत नाही.

हे दोन हंगाम एकाच राज्यात आहेत. एका हंगामातून निघालेल्या संपत्तीचा काही अंश, कराच्या आणि नफ्याच्या अनेक वळणांनी, दुसऱ्या हंगामापर्यंत जातो. मग दुसऱ्या हंगामातला एखादा सूर उलट्या वाटेने पहिल्या हंगामाच्या माणसांपर्यंत का येऊ नये? हा प्रश्न रसिकतेचा असल्याचे भासते. वस्तुतः तो सार्वजनिक अर्थव्यवहाराचा प्रश्न आहे आणि समाजवादी कार्यकर्त्याने त्याकडे त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

तिकिटावर वाद्यवृंद जगत नाही

अभिजात मैफलीचा रसिक तिकीट काढतो, म्हणजे तो आपल्या आनंदाची पूर्ण किंमत मोजतो, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी 1966 साली प्रयोगक्षम कलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील मुख्य मुद्दा साधा आहे. कारखान्यात यंत्रे सुधारली की तेवढ्याच माणसांकडून अधिक माल निघतो, म्हणून तेथे वेतन वाढले तरी मालाचा दर आवाक्यात राहू शकतो. वाद्यवृंदात असे काही घडत नाही. बेटोव्हेनची नववी सिम्फनी 1824 साली व्हिएन्नात प्रथम वाजली तेव्हा तिला जितके वादक आणि जितका वेळ लागला, जवळजवळ तितकेच वादक आणि तितकाच वेळ आजही लागतो. उसाच्या फडात तोडणीयंत्र आले आणि अनेक कोयत्यांचे काम एका दिवसात करू लागले. व्हायोलिनच्या गजाला असे यंत्र लावता येत नाही. वादकाचे पोट मात्र आजच्याच भावाने भरावे लागते. त्यामुळे मैफलीचा खर्च इतर खर्चांपेक्षा वेगाने वाढत जातो आणि तिकिटाचे उत्पन्न त्याच्या मागे पडत राहते.

ही तूट कोणीतरी भरतेच. युरोपात ती बहुतांशी राज्य किंवा नगरपालिका भरते. मुंबईत ती उद्योगपतींच्या देणग्यांतून भरून निघते, असे सांगितले जाते. परंतु देणगी ही संपूर्णपणे खाजगी गोष्ट नसते. सार्वजनिक न्यासाला दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत मिळते, म्हणजे त्या रकमेचा एक भाग सरकारी तिजोरीने सोडून दिलेला असतो. ज्या भूमीवर सभागृह उभे राहते ती समाजाची असते. नरिमन पॉइंटसारख्या ठिकाणी भूमीचे मूल्य काय असते, ते सांगण्याची आवश्यकता नाही. यवतच्या बाजारात तोडणी कामगार स्त्री साबणाची वडी विकत घेते तेव्हा तीही वस्तू आणि सेवा कर भरते. त्या हंगामाच्या कार्यक्रमपत्रकावर प्रायोजकांची नावे ठळक छापली जातात. या स्त्रीचे नाव त्यांत नसते, एवढाच फरक.

येथे कोणा एका संस्थेवर ठपका ठेवण्याचा हेतू नाही. उत्तम वाद्यवृंद निर्माण करणे हे कष्टाचे काम आहे आणि ते केल्याबद्दल त्या संस्थेचे ऋण मान्यच केले पाहिजे. हक्क सांगावयाचा आहे तो एवढ्याचसाठी की, जेथे समाजाचा पैसा आहे तेथे समाजाचा वाटाही असावा.

पुण्याची गोष्ट

यवतपासून पुणे 40-45 किलोमीटरवर. तेथे भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या, स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेला महोत्सव दर डिसेंबरात भरतो. हिंदुस्थानी संगीताचा एवढा मोठा सार्वजनिक सोहळा देशात क्वचितच आढळेल. त्यात भारतीय बैठकीचे स्वस्त तिकीट आहे आणि शिक्षक, कारकून, विद्यार्थी तेथे मांडीला मांडी लावून ऐकतात, हेही नमूद केले पाहिजे.

पूर्वी हा महोत्सव रात्रभर चाले. संध्याकाळच्या गाडीने यावे, रात्र मैफलीत काढावी आणि पहाटेच्या गाडीने परतून रानात जावे, असा हिशेब गावाकडच्या माणसाला त्यामुळे शक्य होता. त्याला लॉजचे भाडे पडत नसे, नातेवाइकाच्या दारात अवेळी उभे राहावे लागत नसे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 नंतरच्या ध्वनिवर्धकावर बंधन आले आणि पुढे तीन रात्रींच्या जागी दुपारपासून रात्री 10 पर्यंतची, अधिक दिवसांची सत्रे आली. नियम रास्त आहे. आजारी माणसाला आणि तान्ह्या मुलाला झोप हवीच. परंतु नियम करताना कोणाचा काय तोटा होतो, याचा विचार झाला नाही. दुपारी मोकळा असणारा श्रोता शहरात सापडतो. रात्री 10 वाजता मुकुंदनगरातून निघून यवतला पोहोचावयाचे तर स्वतःचे वाहन लागते. कोणी कोणाला मज्जाव केला नाही, दारावर पाटी लावली नाही. तरीही एक दार हळूहळू लागले. विषमता बहुधा अशीच, वेळापत्रकाच्या रूपाने येते.

यवतला संगीत नाही काय?

यावर एक उत्तर तयार असते. ‘खेड्यातल्या माणसाला हे संगीत कळत नाही आणि नकोही आहे.’ हे उत्तर देणाऱ्यांनी आषाढीच्या आधी एक दिवस यवतला काढावा. तुकोबांची पालखी लोणी काळभोरचा मुक्काम सोडून यवतला येते आणि काळभैरवनाथाच्या मंदिरात विसावते. त्या दिवशी गाव पिठले-भाकरी करून वारकऱ्यांना जेवू घालते. घरोघरच्या चुलींवर भाकऱ्या थापल्या जातात, पिठल्याच्या कढया चढतात. दिंड्यांत शेकडो टाळ एका लयीत वाजत असतात, पखवाजाच्या बोलाबरोबर पावले पडत असतात, वीणेकऱ्याच्या गळ्यातली वीणा खाली ठेवली जात नाही. कोणत्याही निर्देशकाला हेवा वाटावा अशी ही शिस्त आहे. ती वर्षानुवर्षांच्या सरावातून, तिकिटावाचून आणि प्रायोजकावाचून निर्माण झाली आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर, येथे संगीत ही सार्वजनिक वस्तू आहे. तिचा खर्च ज्वारीच्या पिठाच्या रूपाने गाव वाटून घेते आणि तिच्या आनंदापासून कोणाला वगळले जात नाही.

अर्थात, या चित्राचेही अवास्तव कौतुक नको. टाळ एका लयीत वाजले म्हणून माणसे समान झाली नाहीत. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषण करावे लागले, ही गोष्ट या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. सांगावयाचे एवढेच की, सामुदायिक शिस्तीचे, तासन्‌तास ऐकण्याचे आणि ऐकताना स्वतःला विसरण्याचे शिक्षण या भागाला नव्याने द्यावे लागणार नाही.

यवतहून सोलापूरच्या दिशेने थोडे पुढे गेले की चौफुला लागतो. तेथील कलाकेंद्रांत संगीत बारीच्या कलावंत स्त्रिया गातात, नाचतात. बैठकीच्या लावणीत रागांचा आणि ठुमरीच्या अंगाचा जो अभ्यास असतो तो जाणकारांना ठाऊक आहे. पण त्या गाण्याला ‘अभिजात’ म्हणावयाचे की नाही, याचा निर्णय गाण्याच्या गुणावरून होत नाही. तो गाणारीच्या जातीवरून आणि ऐकणाराच्या ऐपतीवरून होतो. तिला सभ्यतेचा दाखला हवा असेल तर शहरातल्या सभागृहात एखाद्या ‘लोककला महोत्सवा’त पंधरा मिनिटे मिळतात.

तिसरे उदाहरण लग्नाच्या बँडचे. पाश्चात्त्य वाद्ये खेड्याला परकी आहेत, असे म्हणणाऱ्यांना वरातीत वाजणारे क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि युफोनियम कधी दिसलेच नाहीत काय? लष्करी आणि संस्थानी बँडांतून ही वाद्ये खाली उतरली आणि गावोगावच्या बँड पार्ट्यांनी ती आपलीशी केली. त्या वादकांत बहुसंख्य माणसे दलित, भटक्या आणि मुस्लिम समाजांतली. स्वरलिपी न वाचता, निव्वळ कानाने, त्यांनी ही वाद्ये पिढ्यान्‌पिढ्या शिकविली. आज डीजेच्या भिंतींनी त्यांची लग्नसराई खाल्ली आहे. ज्या राज्याचा वाद्यवृंद हंगामासाठी परदेशातून क्लॅरिनेटवादक आणतो, त्याच राज्यात क्लॅरिनेट वाजविणारा माणूस वाद्य पेटीत बंद करून मोलमजुरीला जातो. या दोघांच्या वादनात मोठे अंतर आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ते अंतर संधीचे, शिक्षणाचे आणि पोटाचे आहे.

आणि मिरजेचा तंबोरा? त्याचा भोपळा पंढरपूर परिसरातल्या शेतात, भीमेच्याच खोऱ्यात पिकतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. ज्या मातीत तंबोरा पिकतो त्या मातीत तो वाजावा, ही अपेक्षा मानांकनापेक्षा अधिक नाही.

इतिहासाचे दोन धडे

महाराष्ट्राला या बाबतीत परक्या आदर्शाची गरज नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापुरात आश्रय दिला. त्याबरोबरच त्यांनी खासबागेत कुस्तीचे विस्तीर्ण मैदान बांधले आणि त्याला लागून 1915 साली पॅलेस थिएटर उभे केले, तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले. आखाडा आणि रंगमंच शेजारी शेजारी असावेत, ही कल्पनाच मोठी आहे. तालमीतला मल्ल आणि गाण्याचा रसिक हे दोन वेगळे प्राणी आहेत, असे त्या राजाला वाटले नाही. 8 ऑगस्ट 2024 रोजी ते नाट्यगृह आगीत भस्मसात झाले तेव्हा कोल्हापूरचा रिक्षावालाही हळहळला आणि राज्य शासनाला पुनर्बांधणीचा भार उचलण्याची घोषणा करावी लागली. जे आपले वाटते त्यासाठी जनता तिजोरीवर हक्क सांगते आणि तो मिळवितेही.

दुसरा धडा इंग्लंडचा, आणि तो सावधगिरीचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे सरकारी साहाय्याने संगीत आणि कला यांना उत्तेजन देणारी परिषद स्थापन झाली. कारखान्यांच्या भोजनगृहांत आणि लहान गावांत मैफली होऊ लागल्या. 1942 पासून तिचे अध्यक्ष होते प्रत्यक्ष जॉन मेनार्ड केन्स. तिच्यातूनच 1946 साली आर्ट्स कौन्सिल उदयास आली. कलेचा खर्च राज्याने करावा, पण कलेवर हुकूम चालवू नये, हे तत्त्व त्यातून रुजले. परंतु केन्स यांचा ओढा राजधानीतल्या उच्च दर्जाच्या कलेकडे होता. पुढील दहा वर्षांत कौन्सिलने आपली प्रादेशिक कार्यालये बंद केली आणि पैसा लंडनच्या संगीतिकेकडे अधिकाधिक वाहू लागला. याचा अर्थ असा की, सार्वजनिक पैसा मिळाला म्हणजे संगीत आपोआप सार्वजनिक होत नाही. वाटा आधी ठरवून घ्यावा लागतो आणि त्यावर पहारा ठेवावा लागतो.

व्हेनेझुएलात होसे अँतोनियो आब्रेऊ या अर्थशास्त्रज्ञानेच 1975 साली गरीब वस्त्यांतल्या मुलांचे वाद्यवृंद उभारण्याची चळवळ सुरू केली आणि तीतून जागतिक कीर्तीचे वादक निर्माण झाले. पुढे सत्ताधाऱ्यांनी त्या चळवळीचा शोभेसाठी उपयोग करून घेतला, अशी टीकाही झाली. तरीही झोपडपट्टीतल्या मुलाच्या हाती व्हायोलिन देता येते आणि ते मूल ते वाजवू शकते, ही गोष्ट सिद्ध झाली ती झालीच.

आक्षेप आणि उत्तर

सर्वांत गंभीर आक्षेप डाव्या मित्रांकडूनच येईल. ऊसतोड कामगाराला पिण्याचे पाणी नाही, त्याच्या मुलांची शाळा दर हंगामात बुडते, स्त्रियांच्या आरोग्याची हेळसांड होते, आणि तुम्ही वाद्यवृंदाची भाषा काय करता? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पाणी, शाळा आणि दवाखाना यांचा क्रम आधी आहे आणि आधीच राहील. त्यांच्या पैशाला हात लावून मैफली भरवाव्यात, असे येथे कोणी सुचवीत नाही. प्रश्न आज संगीतावर जो सार्वजनिक पैसा आणि जी सार्वजनिक सवलत खर्च होतच आहे, तिच्या वाटपाचा आहे. तो वाटा यवतने सोडून दिला तर पाण्याची टाकी उभी राहणार नाही. नरिमन पॉइंटची खुर्ची तेवढी अधिक मऊ होईल.

त्याहून खोल गोष्ट अशी की, श्रमिकाला प्रथम भाकरी आणि मग, सवड झाली तर, संस्कृती, हा क्रम मालकवर्गाला फार सोयीचा असतो. आठ तासांच्या दिवसासाठी जगभरचे कामगार लढले ते केवळ झोपेसाठी नव्हे, स्वतःच्या मालकीच्या आठ तासांसाठीही लढले. त्या आठ तासांत काय भरावयाचे, हे जर मोबाईलच्या पडद्याने आणि डीजेच्या भिंतीने ठरवावयाचे असेल तर ती लढाई निम्मी हरल्यासारखीच आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने गावोगाव गाणी नेली तेव्हा हे भान चळवळीला होते. पुढे ते क्षीण झाले. सभेला गर्दी जमेपर्यंत दोन गाणी म्हणावयाची आणि वक्ता आला की पेटी बाजूला सारावयाची, एवढेच संगीताचे स्थान चळवळीत उरले. ज्यांनी स्वतः संगीताला सतरंजी अंथरण्याच्या कामावर ठेवले, त्यांनी अभिजनांच्या सभागृहावर टीका करण्यापूर्वी थोडे अंतर्मुख व्हावे.

काय मागावे?

मागणी मोघम असून चालणार नाही. पहिली मागणी अशी की, शासनाची भूमी, अनुदान किंवा करसवलत घेणाऱ्या प्रत्येक संगीतसंस्थेने आपल्या हंगामाचा ठरावीक भाग महानगराबाहेर, तालुक्याच्या ठिकाणी, माफक दरात सादर करावा. शंभर वादकांचा ताफा यवतला आणणे कठीण आहे हे मान्य. परंतु दहा-पंधरा तंतुवाद्यांच्या लहान वृंदाला फार मोठे सभागृह लागत नाही, ध्वनिवर्धकही लागत नाही. शाळेचे सभागृह किंवा मंगल कार्यालय त्याला पुरते.

दुसरी मागणी वेळेची. मैफल रविवारी दुपारी व्हावी आणि ती पुणे-दौंड गाड्यांच्या वेळा पाहून ठरवावी. गाळपाच्या काळात एखादी मैफल तोडणी कामगारांच्या तळाजवळ व्हावी आणि तिला कोणतेही तिकीट नसावे.

तिसरी मागणी शिक्षणाची. जिल्हा परिषदेच्या शाळांत वाद्यशिक्षण सुरू व्हावे आणि बेकार झालेल्या बँडवादकांना, आवश्यक ते प्रशिक्षण देऊन, तेथे शिक्षक म्हणून सन्मानाने नेमावे. क्लॅरिनेट शिकविण्यासाठी कझाकस्तानपर्यंत जाण्यापूर्वी दौंड तालुक्यात शोध घ्यावा.

चौथी मागणी परतीच्या वाटेची. यवतचा पखवाजवादक आणि चौफुल्याची गायिका यांना मुंबईच्या त्याच रंगमंचावर, त्याच हंगामात, तेवढ्याच वेळासाठी आणि त्याच प्रतीच्या मानधनावर बोलवावे. ही देवाणघेवाण एकतर्फी राहिली तर ती दानधर्म ठरेल, आणि दानधर्माने कोणाचीही रसिकता वाढत नाही.

या मागण्यांसाठी मोर्चाची आवश्यकता नाही. ग्रामसभेत ठराव मांडता येतो, तो आमदारांमार्फत सांस्कृतिक कार्य विभागाकडे नेता येतो, माहितीच्या अधिकारात कोणत्या संस्थेला कोणती सवलत मिळते ते विचारता येते. यवत, केडगाव, वरवंड येथील कार्यकर्त्यांनी एकत्र बसून पहिली मैफल कोठे आणि कोणत्या रविवारी व्हावी, हे ठरविले तरी कामाला आरंभ होईल. आषाढीच्या आधी हजारो वारकऱ्यांसाठी पिठले-भाकरी करणाऱ्या गावाला पंधरा वादकांच्या जेवणाची चिंता पडण्याचे कारण नाही. ते वादक येथे येतील असा आग्रह धरण्याची तयारी मात्र आपल्याला करावी लागेल.